वास्तुशांतीचे आमंत्रण आणि न मागितलेली दलाली

वाचकाचे पत्र

नागपूरच्या मनीषनगरात गेली ९ वर्षे फ्लॅट आणि प्लॉट यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एका ३६ वर्षांच्या वाचकांनी हे पत्र लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहोत.

त्यांच्या वडिलांच्या कार्यालयातील एका निवृत्त सहकाऱ्यांना फ्लॅट हवा होता. लहानपणापासूनची ओळख असल्यामुळे हे वाचक त्यांना काका म्हणतात. एप्रिल-मेच्या उन्हात स्वतःच्या गाडीतून नेऊन त्यांनी काका-काकूंना बेसा, नरेंद्रनगर, खामला आणि प्रतापनगर या भागांतले १४ फ्लॅट दाखवले. एक पसंत पडला, ‘मुलाशी बोलून सांगतो’ असे उत्तर मिळाले आणि त्यानंतर फोन येणे थांबले. दीड महिन्याने आले ते वास्तुशांतीचे आमंत्रण, आणि त्यावर पत्ता त्याच फ्लॅटचा होता. व्यवहार ६२ लाखांत झाल्याचे पंगतीत बसल्यावर कळले. काकूंनी आग्रहाने वाढलेली बासुंदीची दुसरी वाटी घशाखाली उतरली नाही, असे ते लिहितात. विकणाऱ्या मालकाने सुरुवातीला ‘एक टक्का देईन’ असे तोंडी कबूल केले होते. आता तो म्हणतो, ‘तुम्ही फक्त दाखवून राहिले होते, भाऊ, सौदा तर आमचा आम्हीच जमवला.’ काकांशी मोबदल्याचे बोलणे झालेच नव्हते. एकदा त्यांनी विचारले, तेव्हा वाचकांनीच ‘ते नंतर पाहू, काका’ म्हणून विषय बाजूला सारला होता.

या वर्षातला हा असा तिसरा अनुभव. त्यातच उमरेड रोडच्या बाजूला लेआऊट टाकणाऱ्या, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्या, एका मालकाने किस्तीवर प्लॉट विकण्याचे काम देऊ केले आहे. प्लॉटचा भाव चौरस फुटाला ९०० रुपये आणि दलाली चौरस फुटाला ६० रुपये. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक विचारला तर ‘काम सुरू आहे, मिळून जाईल’ एवढेच उत्तर येते. सासरे म्हणतात, हा दलालीचा नाद सोडा आणि ओळखीच्या गोदामात नोकरी धरा. वाचकांचा प्रश्न असा : ‘मी या धंद्यासाठी फार सरळ माणूस आहे का? काकांकडे पैसे मागू की सोडून देऊ? आणि सगळेच असे वागणार असतील, तर ते लेआऊटचे काम मी का घेऊ नये?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी बासुंदीच्या त्या वाटीपाशी बराच वेळ थांबले. तुम्हाला तिथे अपमान दिसला आणि तो दिसणे स्वाभाविक आहे; पण मला तिथे दुसरेही काही दिसते. ज्याने समजून-उमजून एखाद्याचे पैसे बुडवले, तो माणूस त्याला आमंत्रण पाठवून पंगतीत बसवत नाही, आग्रह करून वाढत तर नाहीच. तो चौकात समोरून येताना दिसला तर गल्ली बदलतो. काका-काकूंनी तुम्हाला बोलावले, याचा एक अर्थ असा संभवतो, आणि मला तोच अधिक शक्य वाटतो, की आपण तुमचे काही देणे लागतो हे त्यांच्या मनातच आलेले नाही. सहकाऱ्याच्या मुलाने ओळखीखातर चार घरे दाखवली, त्याचे उपकार म्हणून त्याला पहिल्या पंगतीत बसवले, असा त्यांच्या बाजूचा हिशेब पूर्ण झालेला असावा. तो हिशेब चुकीचा आहे. पण तो चुकला कसा, याच्या मुळाशी गेलो तर ‘ते नंतर पाहू, काका’ हे तुमचेच वाक्य सापडते.

म्हणून तुमच्या पत्रातली एक गाठ आधी सोडवू या. तुम्ही मालक आणि काका या दोघांनाही ‘फसवणारे’ या एकाच खान्यात टाकले आहे, आणि मला ते मान्य नाही. मालकाने एक टक्का कबूल केला होता, तुमच्यामुळेच त्याला ग्राहक मिळाला आणि आता तो शब्द फिरवतो आहे. हे देणे बुडवणेच झाले. काकांनी काही कबूल केले नव्हते. उलट त्यांनी विचारले होते, आणि तुम्ही त्यांना उत्तर दिले नाही. एकाकडे तुमची येणी आहेत आणि दुसऱ्याकडे तुमचा संकोच आहे. या दोन्हींची वसुली एकाच रीतीने होणार नाही.

या संकोचालाच तुम्ही ‘सरळपणा’ म्हणता, आणि माझी खरी हरकत त्या शब्दाला आहे. सरळ माणूस आपल्या कामाची किंमत सांगतो. त्याच वास्तुशांतीचा विचार करा : गुरुजींची दक्षिणा आधी ठरली होती, आचाऱ्याने ताटामागे किती घेणार हे सांगूनच काम घेतले होते, मंडपवाल्याने अर्धे पैसे आगाऊ घेतले असणार. यांतल्या कोणालाही काका ‘लोभी’ म्हणणार नाहीत. त्या घरात पाय ठेवण्यापूर्वी ज्याने दर सांगितला नाही असा एकच माणूस त्या दिवशी तिथे होता, आणि ते घर ज्याच्यामुळे मिळाले तोही तोच होता. नातेवाईक आणि ओळखीची माणसे यांच्याशी पैशाचे बोलणे आपल्याकडे वाईट दिसते, हे मला मान्य आहे. पण ते न बोलल्यामुळे पुढे जे होते ते त्याहून वाईट दिसते. आता तुम्ही काकांच्या घरावरून जाताना मान वळवता, असे तुम्हीच लिहिले आहे. मग नाते तरी कुठे वाचले?

मालकाचे ते वाक्यही जरा जवळून पाहायला हवे, कारण ते अप्रामाणिक असले तरी निरर्थक नाही. ‘तुम्ही फक्त दाखवून राहिले होते.’ फ्लॅट पसंत पडला त्या दिवसापासून आमंत्रण येईपर्यंतच्या दीड महिन्यात तुम्ही काय केले, याचा पत्रात एका ओळीचाही उल्लेख नाही. फोन येणे थांबले, असे तुम्ही लिहिता. तुम्ही फोन केल्याचे लिहीत नाही. दलाल हा शब्द मुळात अरबी आहे आणि ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ वाट दाखवणे असा आहे, त्यामुळे सासऱ्यांनी तो कितीही नाक मुरडून उच्चारला तरी त्यात लाज वाटावी असे काही नाही. पण वाट दाखवणारा पहिल्या वळणावरच थांबला, तर पुढची वाट लोक आपापली शोधतात. आज पत्ता आणि फोटो मोबाईलवर कोणालाही मिळतात. नुसता पत्ता देणाऱ्याला पैसे का द्यायचे, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येणारच, आणि त्याचे उत्तर घर पसंत पडल्यानंतरच्या दिवसांत द्यावे लागते.

काकांच्याच व्यवहारावरून सांगते. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर घेताना खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापून तो सरकारजमा करायचा असतो. ६२ लाखांवर तो ६२ हजार रुपये होतो. आपसात सौदा जमवणाऱ्या दोन ज्येष्ठ नागरिकांपैकी कोणाला हे ठाऊक होते का? ठाऊक नसेल, तर पुढे प्राप्तिकर खात्याची नोटीस येईल ती काकांना, कारण कापण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. दुसरे असे, की निवासी घराचा दस्त केवळ महिलेच्या नावे झाला, तर एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. काकूंच्या एकटीच्या नावाने दस्त करणे त्या घराला मानवले असते किंवा नसते, तो त्यांचा प्रश्न. पण हा पर्याय त्यांच्यापुढे कोणी ठेवला होता का? तिथेही आकडा पुन्हा ६२ हजारांच्या आसपासच येतो. तुमची एका बाजूची एक टक्का दलालीही तेवढीच होती. ही एवढी माहिती पहिल्या भेटीत तुम्ही सांगितली असती, तर १४ वेळा गाडी काढूनही जे साधले नाही ते एका वाक्यात साधले असते, असे मला वाटते.

नागपुरात तर अशा माहितीला तोटा नाही. एखाद्या जुन्या वस्तीतला प्लॉट नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्यावर आहे, की नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्यावर, की मालकी हक्काचा, यावर हस्तांतरणासाठी कोणाचा ना-हरकत दाखला लागेल आणि त्याला किती दिवस जातील, हे अवलंबून असते. अपार्टमेंटमधल्या फ्लॅटला डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत आणि तिच्यातले फ्लॅट यांचे घोषणापत्र) नोंदलेले आहे का, जमिनीतला अविभक्त हिस्सा दस्तात नेमका किती लिहिला आहे, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, वरचा मजला मंजूर नकाशात आहे की नंतर चढवला आहे, मागच्या मालकाचे बँकेचे कर्ज फिटल्याचा कागद आहे का; पुण्या-बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाला फोनवर ‘बाबा, घेऊन टाका’ असे म्हणताना यातले काहीही ठाऊक नसते. मौजा (महसुली गाव) आणि खसरा क्रमांक (जमिनीचा भूमापन क्रमांक) वाचून जमीन कुठली आहे हे सांगू शकणारा माणूस, आणि नुसती चाबी घेऊन पुढे चालणारा माणूस, यांत ग्राहकाला फरक दिसला पाहिजे. ९ वर्षांत यातले बरेच तुम्हाला येत असणार. ते तुम्ही वापरत नाही, किंवा वापरूनही सांगत नाही.

आता मालकाकडचे येणे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्त्याच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी काम करणाऱ्याच्या, मोबदल्याविषयी कलम २१९ आहे : वेगळा करार नसेल, तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही. करार तोंडी असला तरी तो करार असतो. अडचण पुराव्याची येते. ग्राहक तुम्ही आणला आणि त्याच ग्राहकाशी व्यवहार झाला, हे दाखवता आले, तर ‘आम्ही आपसात ठरवले’ ही सबब सहज टिकत नाही, कारण व्यवहार मुळात मध्यस्थाच्या प्रयत्नामुळे घडून आला का, हे न्यायालये पाहतात. तेव्हा आधी घरी बसून पुरावा गोळा करा : मालकाने फ्लॅटचे फोटो पाठवले तो संदेश, भेटीची वेळ ठरवणारे संदेश, फोनची नोंद, एक टक्क्याचा कुठेही आलेला उल्लेख. मग त्याला भेटून, आवाज न चढवता, एकदाच मागा आणि त्याच संध्याकाळी त्या भेटीचा मजकूर त्याला लिहून पाठवा. पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर वकिलामार्फत नोटीस द्या. दाव्याची साधारण मुदत ३ वर्षांची असते, त्यामुळे घाई नाही. मात्र ६२ हजारांसाठी वर्षानुवर्षे तारखांना जायचे का, याचा विचार नोटीस देण्यापूर्वी करून ठेवा. माझे मत विचाराल, तर नोटिशीपर्यंत जावे आणि तिथे तडजोडीने अर्धे मिळाले तरी घ्यावेत. तुम्ही मागता, ही गोष्ट त्या भागातल्या इतर मालकांच्या कानावर गेली तर तिचाही उपयोग होईल.

याच ठिकाणी एक अवघड प्रश्न विचारते, राग मानू नका. मालक तुम्हाला एक टक्का देणार आहे, हे तुम्ही काकांना सांगितले होते का? आणि काकांकडूनही तुम्ही घेण्याची अपेक्षा ठेवता, हे मालकाला माहीत होते का? दोन्हीकडून दलाली घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण ते दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. काका किंमत कमी करून घ्यायला सांगणार, मालक ती वाढवून घ्यायला सांगणार, आणि तुमचा टक्का किमतीबरोबर वाढणार, अशा जागी बसलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा असेल, तर त्याने आपले पत्ते आधी उघडे करायला हवेत. पुष्कळ ग्राहक मध्यस्थाला टाळून परस्पर मालकाला गाठतात, ते केवळ टक्का वाचवण्यासाठी नव्हे; ‘हा नेमका कोणाच्या बाजूने आहे’ ही शंकाही त्यामागे असते.

पुढच्या ग्राहकापासून काय करायचे, ते आता सांगते. तुमच्यासारख्या इतरांनाही ते उपयोगी पडेल. पहिली गाडी काढण्यापूर्वी एक संदेश पाठवायचा आणि उत्तर आल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही. मजकूर असा असू शकेल : ‘नमस्कार. उद्या सकाळी १० वाजता आपण खामला येथील दोन फ्लॅट पाहणार आहोत. मी दाखवलेल्या घरांपैकी कोणत्याही घराचा व्यवहार आपल्या किंवा कुटुंबातील कोणाच्याही नावाने झाला, तर माझा मोबदला व्यवहाराच्या रकमेच्या एक टक्का राहील. अर्धा इसारपत्राच्या दिवशी आणि अर्धा विक्रीपत्राच्या दिवशी. कागदपत्रांची प्राथमिक तपासणी, बँक, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांबाबतची मदत त्यात आली. मालकाकडूनही मला एक टक्का मिळणार आहे. मान्य असल्यास कृपया “मान्य” असे कळवावे.’ टक्का किती ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. कायद्याने तो बांधून दिलेला नाही. महत्त्वाचे हे, की कोणते ‘काम’ पूर्ण झाल्यावर पैसे द्यायचे ते यात लिहिलेले आहे, आणि कलम २१९ पुढे वाद निघाल्यास त्यावरच बोट ठेवते. मालकाकडूनही असाच कागद घ्या आणि त्यात ठरावीक मुदत लिहा. तुम्ही ज्याला आणले त्याच्याशी त्या मुदतीनंतरच्या काही महिन्यांत व्यवहार झाला तरी मोबदला द्यावा लागेल, हेही त्यातच येऊ द्या. हा संदेश वाचून दहांतले तीन ग्राहक गळतील. गळू द्या, तुमचे पेट्रोल वाचेल. आणि ओळखीच्या माणसाला टक्का कमी करायचा असेल तर खुशाल करा, पण आकडा सांगून कमी करा. ‘काका, मी इतरांकडून एक टक्का घेतो, तुमच्याकडून अर्धा घेईन’ या वाक्यात आदरही आहे आणि हिशेबही आहे.

आता लेआऊट. तुमच्या पत्रातला हा भाग मला सर्वांत काळजीचा वाटला, कारण तुम्ही तो जवळजवळ शेवटी आणि काहीसा रागाच्या भरात लिहिला आहे. १५०० चौरस फुटांचा प्लॉट धरला, तर किंमत साडेतेरा लाख आणि तुमची दलाली ९० हजार, म्हणजे जवळपास पावणेसात टक्के. रीतसर मंजूर लेआऊटमधला प्लॉट विकायला कोणी मालक एवढे का देईल? जिथे कागद चोख असतात तिथे प्लॉट स्वतःच्या बळावर विकला जातो. जिथे ते नसतात तिथे मालकाला ९ वर्षे मनीषनगरात वावरलेल्या, लोक ज्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारतात अशा माणसाचा चेहरा लागतो. ते ६० रुपये त्या चेहऱ्याचे आहेत.

कायदा काय म्हणतो, ते तुम्हाला बहुधा माहीत आहे, तरी इतरांसाठी लिहिते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरच्या लेआऊटला नोंदणीखेरीज प्लॉट विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. नागपूरभोवतीची शेकडो गावे आज नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे ‘ते तर गावात येते, तिथे काही लागत नाही’ हे उत्तर चालणार नाही. कलम १० मध्यस्थाला स्पष्ट बजावते, की नोंदणी नसलेल्या प्रकल्पातल्या विक्रीला त्याने हातभार लावू नये. कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये दंड, आणि तो वाढत त्या प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. साडेतेरा लाखांचे ५ टक्के म्हणजे साडेसदुसष्ट हजार. तुम्ही आकडेमोडीत पक्के आहात, तेव्हा तुमच्या लक्षात आले असेल, की हा दंड भरूनही प्लॉटमागे साडेबावीस हजार उरतात. आणि काम देणाऱ्याने हे गणित तुम्हाला आधीच मांडून दाखवले असेल तर मला नवल वाटणार नाही. म्हणून मी तुम्हाला दंडाची भीती घालत बसत नाही.

त्याऐवजी आमच्या घरची गोष्ट सांगते. माझ्या वडिलांनी १९८० च्या दशकात मानेवाड्याच्या बाजूला किस्तीवर प्लॉट घेतला होता. दर महिन्याला पावती फाडून मिळे, आणि त्या पावत्या आई दिवाळीच्या फराळाच्या डब्यात जपून ठेवी. किस्ती संपल्या, तेव्हा कळले की लेआऊट मंजूरच नव्हता. मालक कुठे गेला ते कोणालाच सांगता येईना. पण ज्यांनी तो प्लॉट घ्यायला लावला होता ते गृहस्थ आमच्याच गल्लीत राहत होते, आणि लोक त्यांच्या दारात जाऊन उभे राहत. त्यांनी स्वतःही तिथे एक प्लॉट घेतला होता, त्यांचाही पैसा अडकला होता. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे ते गल्लीतल्या गणपतीला येईनासे झाले, मग घरच विकून गेले. २००१ मध्ये मंजुरीविना पाडलेले असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला, त्यानंतर अर्ज, विकास शुल्क आणि मोजणी यांच्या फेऱ्या मारून वडिलांचा प्लॉट अखेर नियमित झाला. तोवर त्यांचे घर बांधण्याचे वय उलटून गेले होते.

अशा किती तरी वस्त्या नागपुरात नंतर नियमित झाल्या, हे खरे आहे, आणि त्याच आधारावर ‘आज ना उद्या होऊन जाईल’ असे सांगितले जाते. मधल्या वर्षांत रस्ता, गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी), बँकेचे कर्ज, यांतले काहीच मिळत नाही, हे सांगितले जात नाही. तुम्हाला ते काम अगदी सोडवतच नसेल, तर त्या मालकाला सांगा : मंजूर नकाशा, जमिनीच्या अकृषक (शेतीखेरीज) वापराचे कागद आणि ‘पी’ने सुरू होणारा महारेराचा क्रमांक हाती आल्यावर मी पहिला प्लॉट दाखवीन, नोंदणीकृत करार केल्याखेरीज कोणाकडूनही किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतली जाणार नाही, हेही लिहून द्या. तो तयार झाला, तर काम अवश्य करा. पण मग दलाली चौरस फुटाला ६० रुपये राहणार नाही, ही तयारी ठेवा. तुमची स्वतःची नोंदणी आहे का, हे पत्रात नाही. नवीन प्रकल्पांतले काम करायचे असेल तर ती लागते, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्रही बंधनकारक आहे. नसेल तर या पावसाळ्यात ते उरकून घ्या. सासऱ्यांना दाखवायला एक प्रमाणपत्र हाताशी असेल, हा वेगळा फायदा.

सासऱ्यांच्या सल्ल्याला मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांची मुलगी आणि नात तुमच्या घरात आहेत, आणि पितृपक्षात एकही इसार होत नाही, दसऱ्याला तीन होतात, मग मार्चपर्यंत काही नाही, अशा मिळकतीवर घर चालवणे म्हणजे काय, ते त्यांना दिसते. नोकरी घ्यायची की नाही, हे मी ठरवणार नाही. पण पगाराची शाश्वती हवी म्हणून नोकरी घ्या. ‘मी फार सरळ आहे’ म्हणून घेऊ नका, कारण पैसे मागण्याचा संकोच तुम्ही गोदामातही बरोबर न्याल आणि तिथे पगारवाढ मागायची राहील. धंद्यातच राहायचे असेल, तर मिळकत थोडी सपाट करण्याचा एक मार्ग भाड्याच्या घरांचा आहे. मिहानमधल्या कंपन्यांत आणि एम्समध्ये बाहेरगावाहून येणारी माणसे वर्धा रोड, मनीषनगर, बेसा याच पट्ट्यात घर शोधतात. रक्कम लहान असते, पण व्यवहार आठवड्यात संपतो, आणि भाड्याचा करार नोंदवून देणे, पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे या कामांसाठी मालक आनंदाने पैसे देतात. आज भाड्याने राहणारा मुलगा चार वर्षांनी फ्लॅट घेतो, तेव्हा त्याला एकच नंबर माहीत असतो. आणि एक गोष्ट रोखीची : इसाराची रक्कम रोखीने घेऊन मध्यस्थाकडे ठेवायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. तुम्ही तर एक रुपयाही आपल्या हाती ठेवू नका, तो धनादेशाने थेट मालकाकडे जाऊ द्या.

राहिले काका. त्यांच्याकडे जावे, असे मला वाटते, पण येणी वसूल करायला नको. एखाद्या रविवारी सकाळी, फोन करून जा. मनात आहे ते त्यांना सांगा : ‘काका, त्या दिवशी तुम्ही विचारले आणि मी नंतर पाहू म्हणालो, ती माझी चूक झाली. हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, आणि या व्यवहारात मला एका बाजूने ६२ हजार मिळायचे होते. तुम्हाला योग्य वाटेल ते द्या, नाही दिले तरी मी येत राहीन.’ ते वरमतील, कदाचित चिडतीलही. काही देतील किंवा देणार नाहीत. यातले काहीही झाले तरी ते वाक्य तुमच्या तोंडून एकदा बाहेर पडायला हवे आहे, आणि पहिल्यांदा ते म्हणण्यासाठी काकांइतका प्रेमळ ग्राहक तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

निघण्यापूर्वी त्यांना दोन गोष्टी विचारा. मालकाला पैसे देताना तो एक टक्का कर कापला होता का. आणि महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत व विजेच्या बिलावर नाव बदलून घेतले का. बहुधा दोन्ही राहिलेले असेल. कराचे तेवढे त्यांना लगेच सनदी लेखापालाकडे पाठवा, कारण उशिरावर व्याज चढत असते. नावे बदलून आणण्याचे काम ‘तूच करून दे रे’ असे म्हणाले, तर त्याचे किती होतील ते चहा येण्याआधी सांगा.